लाफिंग गॅसपासून युरियाच्या गोणीपर्यंत: नायट्रस ऑक्साइडबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. रविवारी मात्र रावेरकडच्या आमच्या केळीच्या बागेत असतो. त्यामुळे या एका वायूबद्दल मला दोन्हीकडून विचारणा होते. वर्गात पोरं फुग्यांचं आणि गाड्यांचं विचारतात, बांधावर भाऊबंद युरियाचं. गंमत म्हणजे दोघांनाही वाटतं की आपला प्रश्न वेगळ्याच वायूचा आहे.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे नेमकं काय?

नत्राचे दोन अणू आणि प्राणवायूचा एक, म्हणून एन-टू-ओ. रंग नाही, वास किंचित गोडसर, हवेपेक्षा साधारण दीडपट जड. जोसेफ प्रीस्टली यांनी तो १७७२ मध्ये पहिल्यांदा तयार केला. तो स्वतः पेट घेत नाही, पण जळणाऱ्याला जोर देतो. विझत आलेली काडी त्यात धरली की पुन्हा भडकते. हुबेहूब प्राणवायूसारखी, आणि तोंडी परीक्षेत पोरं नेमकी इथेच फसतात.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांतून निघतो तो हाच का?

नाही. कोळसा किंवा डिझेल जळताना जे प्रामुख्याने निघतं ते नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड. त्यातला दुसरा तांबूस, उग्र वासाचा आणि छातीला त्रास देणारा. नावं चुलत भावांसारखी आहेत, स्वभाव नाहीत.

हा वायू घेतल्यावर माणूस खरंच हसतो?

काही जण हसतात. बहुतेकांना नुसतं हलकं वाटतं, बोटं झिणझिणतात, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. हम्फ्री डेव्ही या तरुणाने १७९९ मध्ये ब्रिस्टलला तो स्वतःवरच वापरून पाहिला. हिरडी सुजलेली असताना वायू घेतला आणि दुखणं कमी झालं, असं त्याने नोंदवलं. शस्त्रक्रियेत याचा उपयोग होऊ शकेल, असंही त्याने १८०० सालच्या पुस्तकात लिहून ठेवलं. पण पुढची चव्वेचाळीस वर्षं लोक हा वायू जलशांत करमणुकीसाठी हुंगत राहिले आणि दवाखान्यात रुग्णाला चार जणांनी दाबून धरून शस्त्रक्रिया चालू राहिली. मला या विषयातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते.

१८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य असा एक जलसा पाहायला गेला. वायूच्या अमलात धडपडलेल्या एकाच्या पायाला चांगलीच जखम झाली आणि त्याला तिचा पत्ताच नव्हता. वेल्सने ते हेरलं, दुसऱ्याच दिवशी वायू घेऊन स्वतःची दाढ उपटून घेतली. महिनाभराने बोस्टनमध्ये त्याने जाहीर प्रयोग केला. वायू पुरेसा दिला गेला नाही, रुग्ण ओरडला आणि बघ्यांनी वेल्सची हुर्यो उडवली. बिचारा बरोबर होता.

दाताच्या डॉक्टरांनी मुलीसाठी हा वायू सुचवलाय. धोका आहे का?

प्रशिक्षित माणसाच्या हातात आणि प्राणवायूसोबत दिला तर हा फार सौम्य आणि जुना, पारखलेला उपाय आहे. माझ्या सात वर्षांच्या पुतणीला दिला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. सकाळपासून घरात "दाढ दुखस, दाढ दुखस" असा घोष चाललेला, आणि खुर्ची दिसताच तोंड घट्ट मिटलेलं. डॉक्टरांनी नाकावर छोटा मऊ मास्क ठेवला, आधी नुसता प्राणवायू सोडला, मग हळूहळू नायट्रस वाढवत नेला. चारेक मिनिटांत तिच्या आवळलेल्या मुठी सुटल्या. ती झोपली नाही. विचारलेल्याला उत्तरं देत होती, फक्त घाई संपली होती. हिरडीत सुई टोचलीच, पण तिने हात मध्ये आणला नाही. काम झाल्यावर पाचेक मिनिटं पुन्हा निव्वळ प्राणवायू. ही पायरी महत्त्वाची, कारण रक्तातला नायट्रस एकदम फुप्फुसांत परततो आणि तेवढ्या वेळात प्राणवायूला जागा उरत नाही. घरी येताना ती टोपलीतल्या पेरूसाठी हट्ट धरण्याइतकी ठणठणीत होती.

दंतवैद्यकाच्या यंत्रात किमान ३० टक्के प्राणवायू जाईलच अशी सोय असते. प्राणवायू त्याखाली गेला तर नायट्रस येऊच शकत नाही. विचारायचंच असेल तर डॉक्टरांना एवढं विचारा: यंत्रात ही सोय आहे ना, आणि बोटाला ऑक्सिमीटर लावणार ना?

कुणी घेऊ नये?

हा वायू शरीरातल्या बंद पोकळ्यांत शिरून त्या फुगवतो. त्यामुळे छातीत हवा साठलेली असणं, आतडं अडकलेलं असणं, कानाच्या पडद्यामागची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडून केलेली पडद्याची शस्त्रक्रिया या अवस्थांत तो देत नाहीत. गरोदरपणाचे पहिले तीन महिने टाळतात. आणि बी-१२ कमी असेल तर आधी सांगा. त्याचं कारण पुढे येतं.

बाळंतपणात देतात तो हाच?

हो, निम्मा नायट्रस आणि निम्मा प्राणवायू असं मिश्रण. बाई मास्क स्वतःच्या हाताने धरते. गुंगी चढली की हात आपोआप सुटतो, हीच त्यातली सुरक्षितता. दुसऱ्या कुणी तो तोंडावर दाबून धरायचा नसतो, प्रेमळ सासूनेही नाही. सिलिंडर सुमारे उणे ६ अंशांखाली गेला तर हे दोन वायू आत वेगळे होतात. थंड देशांतल्या रुग्णालयांना ती काळजी असते. धुळ्याच्या थंडीचा कितीही गवगवा झाला तरी आपण तिथवर पोचत नाही.

मग आपल्या उन्हाळ्याचं काय? भुसावळच्या मे महिन्यात सिलिंडर फुटेल का?

हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला आणि मी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

निळ्या सिलिंडरमध्ये नायट्रस दाबाखाली द्रवरूपात असतो, जसा घरच्या सिलिंडरमध्ये स्वयंपाकाचा गॅस. पण ३६.४ अंश सेल्सिअसच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव राहूच शकत नाही. म्हणजे जळगाव-भुसावळला पारा ४५ वर जातो तेव्हा उन्हातल्या सिलिंडरमध्ये द्रव असा उरलेलाच नसतो आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणूनच उष्ण देशांत सिलिंडर कमी भरतात. थंड हवेच्या देशात जितकं पाणी मावेल त्याच्या ७५ टक्के वजनाचा नायट्रस भरतात, उष्ण प्रदेशात ६७ टक्के. नियमाप्रमाणे भरलेला, सावलीत उभा ठेवलेला सिलिंडर फुटत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये आडवा टाकलेल्याची हमी मी देणार नाही.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. आत द्रव आहे तोवर दाब दाखवणारा काटा एकाच जागी राहतो. सिलिंडर अर्धा झाला तरी काटा हलत नाही आणि हलायला लागला तेव्हा माल संपत आलेला असतो. किती उरलाय ते कळायचं तर वजनच करावं लागतं. घरी आपण सिलिंडर हलवून बघतो त्याचाच हा शास्त्रशुद्ध प्रकार.

सारंगखेड्याच्या जत्रेत फुग्यात भरतात तो हाच गॅस का?

नाही. दोरी सोडली की आकाशात जाणाऱ्या फुग्यात हवेपेक्षा हलका वायू असतो, हायड्रोजन किंवा हेलियम. नायट्रसचा फुगा दगडासारखा खाली बसतो. हायड्रोजनचा फुगा मात्र बिडीजवळ नेऊ नका, तो वेगळाच तमाशा होतो.

लग्नातली धूर निघणारी बिस्किटं?

तो द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. नायट्रस नव्हे. द्रवाचा थेंब उरलेला असताना गिळला तर पोटात इजा होते. लहान मुलांना देऊच नका.

आइस्क्रीमच्या दुकानातली छोटी नळकांडी कसली?

फेटलेल्या क्रीमची. प्रत्येकीत साधारण ८ ग्रॅम नायट्रस असतो. तो स्निग्धांशात विरघळतो आणि बाहेर येताना क्रीम फुलवतो, क्रीम खवटही होत नाही. शर्यतीच्या गाड्यांत वापरतात तोही हाच वायू. इंजिनाच्या उष्णतेने तो फुटतो, जादा प्राणवायू मिळतो आणि जादा पेट्रोल जळतं. २००४ मध्ये अंतराळाच्या सीमेपर्यंत गेलेल्या स्पेसशिपवन या खासगी यानाच्या रॉकेटमध्येही नायट्रसच होता. आपल्या बुलेटला तो बसवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

नशा म्हणून घेतला तर काय होतं? थोडा वेळच टिकते म्हणतात.

मिनिट-दोन मिनिटं टिकते, म्हणूनच माणूस पुन्हापुन्हा घेतो. धोके तीन, आणि तिघांचा वेग वेगळा.

पहिला क्षणात होणारा. दवाखान्यात प्राणवायू सोबत असतो, इथे नसतो. तोंडावर पिशवी किंवा मास्क बांधून, बंद खोलीत किंवा गाडीत घेतला तर श्वास गुदमरून माणूस जातो. दुसरा थंडीचा. दाबाखालचा नायट्रस मोकळा होताना प्रचंड गार पडतो (त्याचा उत्कलनबिंदूच उणे ८८ अंशांच्या आसपास आहे), त्यामुळे नळकांडी थेट तोंडाला लावणाऱ्यांचे ओठ आणि घसा भाजल्यासारखे सडतात.

तिसरा हळू येतो आणि आपल्याकडे त्याचीच भीती जास्त. नायट्रस शरीरातल्या बी-१२ जीवनसत्त्वातला कोबाल्टचा अणू बिघडवतो. बी-१२ रक्तात असतं, पण निकामी. मग नसांवरचं आवरण झिजू लागतं आणि मज्जारज्जूला इजा होते. सुरुवात पावलांच्या मुंग्यांनी होते. पुढे चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, अंधारात तोल जातो, मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखी वाटते. बी-१२ मांस, मासे, अंडी आणि दुधातून येतं. आपल्याकडे माळकरी घरं भरपूर, त्यात दूधही चहापुरतंच. अशा घरातल्या पोराकडे मुळात साठाच कमी असतो, त्यामुळे इतरांना महिन्यांनी होणारं नुकसान त्याला लवकर गाठतं.

नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून आणि ब्रिटनने ८ नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी हा वायू बाळगणं गुन्हा ठरवलं. तिथे रस्त्याकडेला पडलेली नळकांडी हा नेहमीचा कचरा झाला होता.

मुलाच्या बॅगेत अशी नळकांडी सापडली. काय करू?

आधी आरडाओरडा नको. पायाला मुंग्या येतात का, चालताना अडखळतोस का, हे सरळ विचारा. उत्तर हो असेल तर त्याच आठवड्यात मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे न्या आणि वायूचं नाव स्पष्ट सांगा. लाजेने लपवलं तर डॉक्टर भलतीकडेच शोधत बसतात. नुसती बी-१२ ची तपासणी नॉर्मल येऊ शकते, म्हणून होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलॉनिक आम्ल यांचं रक्तातलं प्रमाण पाहावं लागतं. वायू थांबवून बी-१२ ची इंजेक्शनं वेळेत सुरू झाली तर बरीच सुधारणा होते, उशीर झाला तर काही व्यंग कायम राहतं.

एवढासा वायू, त्याने पर्यावरणाचं काय बिघडतं?

शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो नायट्रस २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. हवेत गेला की शतकभर टिकतो. म्हणजे माझ्या पणजोबांनी पहिल्यांदा रासायनिक खत टाकलं असेल तर त्यातला काही वायू अजून डोक्यावर आहे. उद्योगयुगाआधी हवेच्या एक अब्ज रेणूंत त्याचे सुमारे २७० होते, आता ३३५ च्या वर गेलेत.

शिवाय ओझोन. वर स्थितांबरात पोचल्यावर थोड्या नायट्रसपासून नायट्रिक ऑक्साइड बनतो आणि तो ओझोन खातो. पॉल क्रुट्झेन यांनी नत्राच्या ऑक्साइडांची ही करामत १९७० मध्ये दाखवली आणि १९९५ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. २००९ मध्ये ए. आर. रविशंकरा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की फ्रिजमधल्या जुन्या वायूंवर बंदी आल्यानंतर ओझोनला सगळ्यात मोठा धोका आता नायट्रसचाच आहे. तरीही ओझोन वाचवणाऱ्या माँट्रियल कराराच्या यादीत तो नाही.

मग दवाखाने आणि नशेबाजांमुळे हे होतंय?

नाही भो. माणसाने सोडलेल्या नायट्रसपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश शेतीतून येतो. नायट्रिक आम्ल आणि नायलॉनचा कच्चा माल बनवणारे कारखाने, इंधन, सांडपाणी यांचा क्रम नंतर. दवाखान्यांचा वाटा त्यामानाने लहान. लहान असला तरी तिथे घेतलेला वायू जवळजवळ जसाच्या तसा उच्छ्वासातून बाहेर पडतो, आणि जुन्या पाइपलाइनींतून रुग्णापर्यंत न पोचताच बराचसा गळतो. ब्रिटनमधली रुग्णालयं त्या पाइपलाइनी बंद करून लहान सिलिंडरवर येत आहेत.

शेतात आपण हा वायू टाकतच नाही. मग येतो कुठून?

मातीतल्या जिवाणूंकडून. युरिया जमिनीत पडला की त्याचा अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्या कामात थोडा नायट्रस सांडतो. पाऊस पडून जमीन चिबडली, मातीतली हवा संपली, की दुसरी टोळी कामाला लागते. तिला प्राणवायू मिळत नाही म्हणून ती नायट्रेटमधला ओढते आणि उरलेलं नत्र वायू होऊन उडून जातं, काही साधा नायट्रोजन म्हणून, काही नायट्रस म्हणून. मातीच्या पोकळ्या साधारण ६० ते ८० टक्के पाण्याने भरलेल्या असतात तेव्हा नायट्रस सगळ्यात जास्त निघतो. तापीकाठची काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन आणि जुलैची झड म्हणजे या टोळीला पंगतच.

एका गोणीमागे किती?

हिशेब सोपा आहे. गोणी ४५ किलोची, युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा जगभरचा ढोबळ आकडा असा की टाकलेल्या नत्रातलं १ टक्का नायट्रस होऊन उडतं. कोरड्या हवामानात तो अर्धा टक्का धरतात, ओल्यात १.६. एक टक्क्याने २०७ ग्रॅम नत्र, त्याचा नायट्रस सुमारे ३२५ ग्रॅम, आणि त्याला २७३ ने गुणलं की जवळपास ८९ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळून २.३ किलो निघतो. म्हणजे एक गोणी सुमारे ३९ लिटर पेट्रोलइतकी. पन्नासचा ॲव्हरेज देणारी मोटारसायकल तेवढ्यात रावेर ते मुंबई दोनदा जाऊन येईल.

आता केळी घ्या. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी साडेसतराशेच्या आसपास झाडं. झाडाला २०० ग्रॅम नत्र धरलं तर ३५० किलो, म्हणजे सतरा गोण्यांइतकं. कपाशी, ज्वारी याच्या जवळपासही येत नाहीत. हिरव्यागार बागेकडे बघून कुणाला वाटणार नाही की तिच्यामागे वर्षाला दीड टन कार्बन डायऑक्साइडइतका नायट्रस आहे.

मग युरिया बंद करायचा का?

घड काय हवेवर भरणार? प्रश्न बंद करण्याचा नाही, वाया घालवण्याचा आहे. इथे खरं सांगायला हवं. नायट्रस म्हणून उडालेल्या एक टक्क्याने शेतकऱ्याचं नुकसान गोणीमागे तीन रुपयेही होत नाही. त्या आकड्याने कुणी सवय बदलणार नाही. पण ज्या चुकांनी नायट्रस वाढतो त्याच चुकांनी अमोनिया उडतो, नायट्रेट विहिरीच्या पाण्यात उतरतं, आणि तो तोटा कितीतरी मोठा असतो. दुपारच्या उन्हात उघड्यावर फेकलेल्या युरियाचा नाकाला झोंबणारा वास येतो ना, तो तुमच्या गोणीचाच.

ठिबकने फरक पडतो?

पडतो, आणि ठिबकच्या बाबतीत आपला जिल्हा कुणाकडून शिकायच्या आधीच पुढे होता. खत वेंच्युरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारं साधन) आठवड्याला थोडंथोडं सोडलं की मुळांना लागेल तेवढंच नत्र जमिनीत राहतं, जिवाणूंच्या वाट्याला उरत नाही. पण ठिबकवर मोठी चूकही करता येते. मी पाहिलेले कित्येक जण खत आधी सोडतात आणि वर दोन तास पाणी चालू ठेवतात. सगळं नत्र मुळांच्या खाली. आधी पाणी, मग खत, शेवटी नळ्या धुण्यापुरतं पाणी, हा क्रम ठेवा.

निंबोळीचं आवरण असलेल्या युरियाने काम भागत नाही का?

२०१५ पासून देशात युरिया निंबोळी तेलाचं आवरण देऊनच येतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू त्याने मंदावतात, म्हणजे फायदा आहे. पण त्याने चिखलात फेकलेला युरिया वाचत नाही.

शेणखत वापरलं तर नायट्रस निघत नाही ना?

निघतो. नत्र शेणातलं असो की गोणीतलं, जिवाणू जात विचारत नाहीत. उकिरडा ओला आणि दाबून बसलेला असेल तर तिथूनही निघतो. शेणखताचे बाकी गुण मोठे आहेत, जमीन भुसभुशीत राहून निचरा सुधारतो हा या संदर्भात सगळ्यात मोठा. केळीचे खांब आणि पऱ्हाट्या मात्र जाळू नका. धुरात नायट्रसही असतो.

युरिया पावसाच्या आधी टाकावा की नंतर?

यावर माझा अनुभव ताजा आहे. एका जुलैत मक्याला दुसरा हप्ता द्यायचा होता. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि भाऊ म्हणाला, आता फेकला तर पाऊसच जमिनीत नेईल. मी रसायनशास्त्राचा मास्तर, तरी मीही गोणीत हात घातला. अंधार पडेस्तोवर आम्ही पाच गोण्या फेकल्या. रात्री जो लागला तो तिसऱ्या दिवशी उघडला. खालच्या बांधाला घोटाभर पाणी, सऱ्या दिसेनाशा. आठवड्याने मका बघायला गेलो तर वरच्या अंगाला हिरवा आणि खालच्या अंगाला, जिथे पाणी तुंबलं होतं, खालची पानं टोकापासून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळी. अगदी पुस्तकातलं नत्राच्या कमतरतेचं चित्र, पाच गोण्या टाकलेल्या शेतात.

आता आम्ही असं करतो. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर गोणी शिवलेलीच राहते. पाऊस उघडल्यावर वाफसा येऊ देतो. मूठभर माती दाबली आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटली, की तो दिवस युरियाचा. ओळीच्या कडेला दोन-तीन बोटं खोल, वर माती. मजूर जास्त लागतात, भाऊ कुरकुरतो. खालच्या बांधाला मात्र यंदा आधी चर खणून घेतला, तो त्याच्याच सांगण्यावरून.